वास नसलेलं तेल

प्रयोगशाळेच्या भिंतीवर उपकरणांची यादी लावलेली होती. अडतीस नोंदी छापील, आणि एकोणचाळिसावी कुणीतरी पेन्सिलीनं वाढवलेली : 'मारोतराव गुल्हाने'. ती खोडावी असं कुणाला वाटलं नाही. तेल बिघडायला लागलं की यंत्रांच्या चार दिवस आधी मारोतरावांना कळतं, हे नागपूरजवळच्या त्या खाजगी संशोधन संस्थेत सगळ्यांना ठाऊक होतं.

मारोतराव चंद्रपूर जिल्ह्यातल्या बोरझरीचे. घरी तीन पिढ्यांचा लाकडी घाणा होता. तो बंद पडल्यावर संस्थेनं त्यांना वास-चव चाचणीच्या गटात घेतलं आणि काही वर्षांत ते त्या आठ जणांच्या गटाचे प्रमुख झाले. शिक्षण सातवीपर्यंत. पण ताजं तेल, आठ दिवसांचं तेल आणि उन्हात राहिलेलं तेल ओळखण्यात ते कधी चुकले नाहीत.

डॉ. प्रणोती चांदेकर संस्थेत रुजू झाली तेव्हा सव्वीस वर्षांची होती. यंत्रांचे आलेख ती झरझर वाचायची, पण दोन पेल्यांतलं कोणतं तेल जुनं हे तिला नाकानं सांगता यायचं नाही. मारोतरावांनीच शिकवलं. रंग दिसू नये म्हणून या चाचणीचे पेले निळ्या काचेचे असतात. पेला तळहातावर धरून ऊब द्यायची, वरून दुसऱ्या तळहातानं झाकायचा, मग अलगद उचलायचा.

"नाक खुपसू नका, बाई," ते म्हणायचे. "तेलालेच येऊ द्या तुमच्याकडं."

सहा महिन्यांनी तिला वास कळायला लागला. त्या दिवशी मारोतरावांनी डब्यातून जवसाची चटणी आणून सगळ्या गटाला वाटली. ती त्यांना काका म्हणू लागली.

प्रणोतीचं सगळं काम जवसावर होतं. बाहेरून येणारं पामतेल कमी कमी होत चाललं होतं, उन्हाळे वाढत होते, आणि विदर्भातल्या कोरडवाहू जमिनीत जवस तग धरून होता. तेल गुणाचं, पण टिकायचं नाही. याचं कारण तेलाच्या रचनेतच आहे. तेल मेदाम्लांचं बनलेलं असतं आणि मेदाम्ल म्हणजे कार्बनच्या अणूंची लांब साखळी. जवसाच्या तेलातल्या निम्म्याहून जास्त साखळ्यांमध्ये तीन-तीन दुहेरी बंध असतात. हे ओमेगा-३ मेदाम्ल शरीराला स्वतः तयार करता येत नाही, ते अन्नातूनच मिळावं लागतं. पण दोन दुहेरी बंधांच्या मधल्या कार्बनवरचा हायड्रोजन फार सैल बसलेला असतो. उष्णतेनं किंवा उजेडानं तो निसटला की त्या जागी हवेतला ऑक्सिजन चिकटतो, पेरॉक्साइड तयार होतं आणि ते शेजारच्या साखळीचा हायड्रोजन ओढून घेतं. एकीकडून दुसरीकडे वणवा पसरावा तसं हे तेलभर पसरतं. शेवटी पेरॉक्साइडं फुटतात आणि त्यांचे लहान तुकडे, म्हणजे अल्डिहाइडं, तेलात उरतात. खवट वास येतो तो यांचा. यातली काही वासापुरती वाईट असतात, काही यकृताच्या पेशींना सरळ इजा करतात.

प्रणोतीनं अकरा वर्षं खपून यावर जो उपाय काढला त्याचं नाव 'स्थिरा'. जवसाच्याच टरफलातल्या एका प्रथिनाचा लहानसा तुकडा, तेलात विरघळावा म्हणून त्याला मेदाम्लाची शेपटी जोडलेली, आणि यीस्टकडून टाक्यांमध्ये बनवून घेतलेला. एका डब्याला चिमूटभर पुरायचा. साधं जवसाचं तेल उन्हाळ्यात महिनाभरात खवट व्हायचं. स्थिरा घातलेलं तेल पत्र्याच्या गोदामात चौदा महिने राहूनही पेरॉक्साइडच्या आणि अल्डिहाइडच्या दोन्ही चाचण्यांत नव्यासारखं निघालं.

मंजुरीला एकच टप्पा उरला होता. वास-चव चाचणी.

२०४०च्या फेब्रुवारीतला तो मंगळवार होता. चौदा महिन्यांचं तेल निळ्या पेल्यांतून आठ जणांपुढे ठेवलं. सात जणांनी नऊपैकी नऊ गुण दिले. मारोतरावांनी पेला तीनदा उचलला, तीनदा खाली ठेवला आणि गुणांचा रकाना कोरा सोडला.

"काय झालं, काका?" प्रणोतीनं विचारलं.

"याले वासच नाही."

"खवट वास नाही ना? मग चांगलंच आहे की."

"खवट नाही, अन् चांगलाही नाही. ताज्या तेलालेही वास असते, बाई. कच्च्या जवसाचा, जरासा शेंगदाण्यावानी. आज काढलेल्या तेलालेही असते. हे तेल तोंड दाबून बसलेलं आहे."

"म्हणजे?"

"ते मले काय माहीत? पण काहीतरी झाकलेलं आहे. पळीत गरम करून पाहा. गरम झालं का बोलन ते."

दुसऱ्या दिवशी गटातलं कुणी आलेलं नसताना प्रणोतीनं ते तेल पळीत तापवलं. फोडणीइतकं गरम होताच तिला वास आला. जुन्या तेलरंगाच्या डब्याचा, त्यात थोडा कच्च्या मासळीचा. तिनं वरची वाफ सुईनं खेचून यंत्रात सोडली. पडद्यावर एकामागून एक सुळके उभे राहिले. आठ-दहा जातींची अल्डिहाइडं, आणि त्यांत यकृताला बाधणारंही एक.

तिला लगेच उलगडा झाला. स्थिरा वणवा विझवत नव्हता, राख उचलून मुठीत धरत होता. पेरॉक्साइडं तो झटपट फोडायचा, म्हणून पहिली चाचणी निर्दोष. फुटून झालेली अल्डिहाइडं स्वतःला बांधून घ्यायचा, म्हणून दुसऱ्या चाचणीच्या रसायनाला धरायला काही उरायचं नाही आणि नाकापर्यंतही काही पोचायचं नाही. तेल बिघडतच होतं. कढईच्या तापात किंवा जठरातल्या आम्लात ती मूठ सुटणार होती.

हे एका नमुन्यावरून ठरवता येणार नव्हतं, निदान तिनं स्वतःला तसं सांगितलं. सुई धुतलेली नसेल. यंत्रात आधीच्या प्रयोगाचं काही राहिलं असेल. पुन्हा तापवून पाहायला वीस मिनिटं लागली असती. तिनं पुन्हा तापवलं नाही. पळी साबणानं घासली आणि खिडक्या उघडल्या.

शुक्रवारी मंजुरी समितीची बैठक होती. संचालक डॉ. भागडीकर यांनी तिला बोलावलं.

"एक रकाना कोरा दिसतोय. नियम माहीत आहे ना? एखाद्याचं मत बाकीच्यांपासून इतकं वेगळं पडलं की त्याची घ्राणक्षमता तपासून घ्यायची. नीट निघाली तर आपली सगळी चाचणी नव्याने. म्हणजे आणखी चौदा महिने." त्यांनी चष्मा काढला. "दोन हजार निवासी शाळा या तेलाची वाट बघतायत, प्रणोती. तू मारोतरावांबरोबर इतकी वर्षं काम केलंयस. तूच काय ते लिही."

घ्राणक्षमतेच्या अर्जात एक ओळ होती : 'परीक्षकाने नमुन्याबाबत काय सांगितले?' प्रणोतीनं लिहिलं : 'वास ओळखता आला नाही.' खाली पूर्वेतिहासाची जागा होती. वीस वर्षांपूर्वीच्या साथीत मारोतरावांना महिनाभर वास येईनासा झाला होता, हे त्यांनीच तिला एकदा हसत हसत सांगितलं होतं. तेही तिनं लिहिलं. संस्थेच्या डॉक्टरांनी मारोतरावांना न बोलावताच सही केली. निष्कर्ष : घ्राणक्षमता क्षीण, परीक्षक म्हणून अपात्र.

तो कागद मारोतरावांना तिनंच दिला. त्यांनी एकेक शब्द बोट ठेवून वाचला.

"बाई, मी 'वास नाही' म्हणलो होतो," ते हळू आवाजात म्हणाले. "'मले वास येत नाही' असं नव्हतो म्हणलो."

प्रणोती टेबलावरच्या पेल्यांकडे बघत राहिली. "नियमच तसा आहे, काका. वयानं होतं असं. तुमचं निवृत्तिवेतन पूर्ण मिळेल."

त्यांनी कागदाची घडी घातली. ते भांडले असते तर तिला बरं वाटलं असतं. पण त्यांनी आपला पेला धुतला, पुसून पालथा ठेवला आणि "येतो मग" म्हणून निघाले.

पुढच्या तीन वर्षांत स्थिराचं तेल राज्यभर गेलं. शाळांत, अंगणवाड्यांत, मग दुकानांत. ते खवट होत नाही म्हटल्यावर डब्यावरची तारीख कुणी बघेना. प्रणोतीला बढती मिळाली, एक पदक मिळालं. चाचणीच्या खोलीवरून जायचं टाळून ती मागच्या जिन्यानं वर जायची. कुणी विचारलं तर व्यायाम होतो म्हणायची. तिच्या आईनं स्थिराचा डबा घरी आणला, तेव्हा प्रणोतीनं तो 'तुला सूर्यफूलच मानवतं' म्हणून शेजारी देऊन टाकला. शेजारच्या घरी सहा माणसं होती. त्या रात्रीपासून ती शेजाऱ्यांशी मोकळेपणानं बोलू शकली नाही.

२०४३च्या सप्टेंबरमध्ये तिला एका ग्रामीण रुग्णालयातून फोन आला. बोलणाऱ्या डॉक्टरचं नाव सुनंदा मडावी.

"मॅडम, आमच्याकडे मुलींच्या आश्रमशाळेतल्या एकतीस मुली आहेत. मळमळ, पोट दुखणं, जेवण जात नाही. यकृताचे आकडे चढलेले. कावीळ नाही, पाणी स्वच्छ, धान्यही तपासलं. तेलाचा अहवाल मात्र इतका सुंदर आला की मला तोच विचित्र वाटला. अडीच वर्षांचं तेल आणि चाचणीत कालच काढल्यासारखं. असं होऊ शकतं?"

"कोणती शाळा?" प्रणोतीनं विचारलं.

"बोरझरी."

स्थिराचं पहिलं गोदाम बोरझरीला होतं. संस्थेसाठी जवस पेरायला गावाला मारोतरावांनीच तयार केलं होतं, म्हणून सगळ्यांत आधी डबे तिथे गेले होते. राज्यातला सगळ्यांत जुना साठा तिथेच होता.

दुपारपर्यंत ती शाळेच्या स्वयंपाकघरात पोचली. डॉ. मडावी सोबत होत्या. तिशीच्या, बारीक अंगाच्या, सलग तीन दिवस झोप न मिळालेल्या. स्वयंपाकीण वनिताबाईंनी डब्याचं झाकण काढून पुढे केलं.

"पाहा मॅडम, तेल चांगलंच आहे. खराब वाटलं असतं तर मी पोरींना घातलं असतं का?"

प्रणोतीनं वास घेतला. काहीच नव्हतं. ना जवस, ना खवटपणा. तीन वर्षांपूर्वीचंच ते कोरेपण.

"कढईत तापवा," ती म्हणाली.

तेल तापलं आणि खोलीभर तो वास पसरला. डॉ. मडावींनी पदर नाकाला लावला.

"हा तर रोजचा आहे," वनिताबाई म्हणाल्या. "कांदा पडला का जाते. मला वाटलं, नव्या तेलाचा असाच असन. साहेब लोकांनी तपासून पाठवलेलं." मग त्यांना काही आठवलं. "गुल्हानेबुवा एकदा आले होते, जुलैमध्ये. आहार समितीवर आहेत ना ते. मी पुऱ्या तळून राहिली होती. दारात उभे राहिले लय वेळ. मी म्हणलं, काय बुवा? तर काही नाही म्हणले अन् गेले."

मारोतरावांचं घर शाळेपासून पाच मिनिटांवर होतं. ते ओसरीत भुईमुगाच्या शेंगा सोलत बसले होते. तिला पाहून ते गडबडीनं उठले, सदऱ्याची बटणं लावली.

"बाई, तुम्ही? गिरजे, पाणी आण. आपल्या बाई आल्या."

'आपल्या बाई' हे ऐकून प्रणोतीला तिथून पळून जावंसं वाटलं. गिरजाबाईंनी पाणी आणलं. ते प्रणोतीच्या हातातच राहिलं.

"काका, जुलैमध्ये तुम्ही शाळेच्या स्वयंपाकघरात गेला होता?"

मारोतराव खाली बसले. सोललेले दाणे त्यांनी ताटात इकडून तिकडे केले.

"मी तुमाले सांगणारच होतो," ते म्हणाले. "मले वास आला होता, बाई. तेल सडलं का येते तोच. दारातच आला. मी म्हणलं, आता बोलाव. मग म्हणलं, मारोती, तुझं नाक तर गेलेलं आहे. डाक्टरची सही आहे. उगाच सरकारी तेलाले नाव ठेवलं अन् पोरींचं जेवण बंद पडलं त?" त्यांनी वर पाहिलं. "घरी येऊन कांदा हुंगला. राकेल हुंगलं. येऊन राहिला होता वास. पण मनात म्हणलं, हा भास असन. कागद खोटा कसा असन? इतके शिकलेले लोक तुम्ही."

"तेव्हापासून रात्रंदिवस तेच घेऊन बसले आहेत," गिरजाबाई म्हणाल्या. "पोरी दवाखान्यात गेल्यापासून नीट जेवले नाहीत. म्हणतात, मी बोललो असतो तर हे टळलं असतं. आधी गावातले लोक तेल दाखवायला आणायचे यांच्याकडं. कागद आल्यावर यांनीच बंद करवलं. म्हणले, माझ्या भरवशावर राहू नका."

प्रणोतीनं पाण्याचा गडवा खाली ठेवला. नागपूरहून येताना तिनं मनात एक भाषण जुळवलं होतं. त्यात 'तेव्हाच्या मर्यादा' होत्या, 'एकच नमुना' होता, 'वरून दबाव' होता. ते सगळं तिनं सोडून दिलं.

"काका, कागद खोटा होता. मी लिहिला होता."

मारोतरावांना कळलं नाही. "डाक्टरची सही..."

"डॉक्टरांनी माझं वाचून सही केली. तुम्ही म्हणाला होता, तेलाला वास नाही. मी लिहिलं, यांना वास ओळखता आला नाही. तुम्हाला काय म्हणायचं होतं ते मला कळलं होतं."

"अन् गरम करून पाहा म्हणलो होतो ते?"

"पाहिलं होतं."

"कधी?"

"दुसऱ्या दिवशीच. वास आला होता. यंत्रातही दिसलं होतं."

मारोतरावांचा चेहरा रागानं बदलेल म्हणून ती वाट बघत होती. तसं काही झालं नाही. ते आपल्या दोन्ही तळहातांकडे बघत होते, जणू ते हात आज पहिल्यांदाच दिसत होते.

"म्हणजे माझं नाक चांगलं होतं," ते म्हणाले.

"हो, काका."

"तीन वर्षं."

"हो."

"त्या पोरींची नावं माहीत आहेत तुमाले?"

प्रणोतीनं नकारार्थी मान हलवली. डॉ. मडावींनी यादी दिली होती. तिनं त्यातले फक्त यकृताचे आकडे वाचले होते. मारोतरावांनी एकतीस नावं सांगायला सुरुवात केली. सावकाश, एकेक. कुणाची पोर, कोणत्या पाड्यावरची, हेही. ती ऐकत उभी राहिली. सगळ्यांत वाईट अवस्था तेरा वर्षांच्या संजीवनी कुमरेची होती. लहानपणी तिला कावीळ होऊन गेली होती, त्यामुळे यकृत आधीच दुबळं. "तिच्या बापाले मी सांगितलं होतं," मारोतराव म्हणाले, "का शाळेत घाल, दोन वेळ चांगलं खाईन."

मग ते उठले. "जा तुम्ही. इथं उभं राहून काय होते? आधी तेल थांबवा."

गाडीत बसून तिनं डॉ. भागडीकरांना फोन लावला. ते म्हणाले, घाई करू नकोस. आधी आपण अंतर्गत समिती नेमू, शब्द जपून वापरू. तिनं ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. तीन वर्षांपूर्वीचा तो आलेख तिनं पुसला नव्हता. का पुसला नाही हे तिला तेव्हाही सांगता आलं नसतं. तो आलेख, पळीच्या प्रयोगाची हकीकत आणि घ्राणक्षमतेच्या अर्जाची प्रत तिनं अन्न सुरक्षा विभागाला आणि स्थिराची गोदामं असलेल्या प्रत्येक जिल्ह्याच्या आरोग्य अधिकाऱ्याला पाठवली. वर एकच वाक्य लिहिलं : 'हे मला १५ फेब्रुवारी २०४०पासून माहीत होतं.'

चार दिवसांत राज्यभरचे डबे बंद झाले. शोध सुरू झाल्यावर आणखी सोळा शाळांतून तशाच तक्रारी निघाल्या. तिथे त्यांना कुणी ऊन लागणं म्हटलं होतं, कुणी मुलांची नाटकं. चौकशी समितीपुढे प्रणोतीला पाच तास प्रश्न विचारले गेले. एका सदस्यानं तिला सोडवायचा प्रयत्न केला.

"तुमच्यावर संचालकांचा दबाव होता, असं म्हणता येईल?"

"त्यांनी 'तूच काय ते लिही' एवढंच म्हटलं. शब्द मी निवडले."

"पण एका नमुन्यावरून खात्री देता आली नसती, हे तर शास्त्रीयदृष्ट्या बरोबर आहे."

"दुसरा नमुना तपासायला वीस मिनिटं लागली असती. दुसरा तपासला तर खात्री होईल, म्हणून मी तपासला नाही."

तिचं पद गेलं, पदक परत गेलं, प्रयोगशाळेत स्वतंत्रपणे काम करायला बंदी आली. भागडीकर प्रकृतीच्या कारणानं निवृत्त झाले. तेलाच्या प्रमाण चाचण्यांत एक नवी चाचणी आली : नमुना आधी फोडणीइतका तापवायचा, आम्लातून काढायचा, मगच मोजायचा. शेजाऱ्यांकडे जाऊन तिनं तो डबा आपण त्यांना का देऊन टाकला होता, ते सांगितलं. त्यांनी तो केव्हाच संपवला होता. तपासण्या केल्या, सुदैवानं सगळे ठीक निघाले. त्यानंतर त्या घराचं दार तिच्यासाठी उघडलं नाही, आणि ते उघडावं असं तिनं मनातही मागितलं नाही.

तेल बंद झाल्यावर तीस मुली दोन महिन्यांत सुधारल्या. संजीवनी सात महिने नागपूरच्या रुग्णालयात राहिली. प्रणोती तिथे पहिल्यांदा गेली तेव्हा संजीवनीची आई, शेवंताबाई, व्हरांड्यात भाकरी खात बसली होती. प्रणोती रोज येणाऱ्या तपासनीस बायांपैकी असावी असं तिला वाटलं.

"बसा ताई. खाल्लं का? घ्या अर्धी," असं म्हणून तिनं भाकरीचा तुकडा मोडून पुढे केला.

तो हातात घेण्याआधी प्रणोतीला सांगणं भाग होतं. तिनं सांगितलं. शेवंताबाईनं सगळं ऐकलं, तुकडा परत फडक्यात ठेवला, फडक्याला गाठ मारली आणि भिंतीकडे तोंड करून बसली. प्रणोती पुढच्या आठवड्यातही गेली, त्याच्या पुढच्याही. औषधांच्या रांगेत उभं राहायला, अहवाल समजावून सांगायला कुणीतरी लागतच होतं. शेवंताबाई कागद तिच्याकडे द्यायची. पण 'बसा' असं नंतर कधी म्हणाली नाही. सातव्या महिन्यात संजीवनी स्वतःच्या पायांनी जिना उतरून घरी गेली. तिला जन्मभर पथ्य सांभाळावं लागणार होतं.

पुढच्या वर्षी संस्थेला नवे संचालक आले. त्यांनी मारोतरावांना सन्मानानं परत बोलावलं. वैद्यकीय महाविद्यालयात त्यांची रीतसर तपासणी झाली. चाळीस वासांपैकी एकोणचाळीस त्यांनी ओळखले. उरलेला एक वास त्यांनी कधी घेतलेलाच नव्हता, कुठल्याशा परदेशी फळाचा. जुना कागद रद्द झाल्याचं पत्र बोरझरीच्या ग्रामसभेत वाचून दाखवलं गेलं.

जुन्या नोंदींचा अर्थ लावायला प्रणोतीला अधूनमधून बोलावत. मारोतराव पहिल्यांदा चाचणीला आले त्या दिवशी ती तिथेच होती. नवी शास्त्रज्ञ अन्विता ढोक हिनं निळ्या पेल्यात तेल ठेवलं. मारोतरावांनी पेला तळहातावर घेतला, वरून हातानं झाकला, उचलला. मग तो खाली ठेवून ते प्रणोतीकडे वळले.

"आधी तुम्ही सांगा, बाई."

"तुमचं मत हवंय, काका," अन्विता म्हणाली.

"सांगतो. पण आधी बाईंनी सांगावं."

सगळे तिच्याकडे बघायला लागले. प्रणोतीनं पेला उचलला. चार वर्षांत तिनं वास घ्यायची सवय सोडली होती. तिला जवस जाणवला, शेंगदाण्यासारखी एक छटा जाणवली. "ताजं वाटतंय," ती म्हणाली.

मारोतरावांनी मान डोलावली. "हो. ताजंच आहे." त्यांनी रकान्यात नऊ लिहिले.

अन्वितानं चिठ्ठी उघडली. तेल पाच आठवड्यांचं होतं, पेरॉक्साइड चढायला लागलेलं. तिनं चिठ्ठी पुन्हा मिटली. बहुधा तिला वाटलं असावं, वय झालंय.

बाकीचे दुसरे पेले भरायला गेल्यावर प्रणोती मारोतरावांजवळ गेली. "काका, खरं सांगा. वास आला होता ना?"

ते ओशाळले. हातातला रुमाल त्यांनी घडी करून उलगडला. "जरासा आला होता. पण तुम्ही ताजं म्हणल्यावर वाटलं, नसन. माझ्या नाकाचा काय भरवसा?"

पत्र वाचून दाखवलं होतं, सही शिक्का झाला होता, चाळीसपैकी एकोणचाळीस झाले होते. हे कशानं भरून येणार होतं, ते तिला माहीत नव्हतं. ती अन्विताकडे गेली.

"यांना पुन्हा तेच तेल द्या. आणि यापुढे मी खोलीत असताना यांना काही विचारू नका. आज नाही, कधीच नाही."

"का?"

"त्यांना बरोबर कळतं. मी समोर असले की ते स्वतःचं ऐकत नाहीत."

ती बाहेर आली आणि दार ओढून घेतलं. व्हरांड्यात सतरंज्या वाळत घातलेल्या होत्या, पलीकडे कुणीतरी जवसाची पोती मोजत होतं. आतून पेला ठेवल्याचा आवाज आला. मग अन्विताचा प्रश्न आणि नंतर मारोतरावांचा आवाज. आधी दबका, मग जरा मोठा :

"हे बिघडून राहिलं आहे. चार-पाच आठवडे झाले असन याले. लिहा."

आत खुर्च्या सरकल्या, कुणीतरी दाराकडे येत होतं. ते उघडायच्या आत प्रणोती वळली आणि जिना उतरून खाली गेली.